'जंतूंवर जंतू' म्हणणाऱ्या स्पष्टवक्ता यांना

नमस्कार 'स्पष्टवक्ता', (टोपणनाव आवडलं, खरं नाव दिलं असतंत तर अजून आवडलं असतं.)

तोडलेल्या फळांवर चांगले जिवाणू सोडून साल्मोनेला-लिस्टेरिया या माणसाला आजारी पाडणाऱ्या जिवाणूंना आळा घालता येतो असं मी लिहिलं, त्यावर तुमचं म्हणणं, "जंतूंवर जंतू सोडणं म्हणजे आगीत तेल, फळ स्वच्छ धुतलं की झालं, उगाच लोकांना भरीला घालू नका." मतभेद चालतात हो, पण भरीला घालू नका? मी काय पुड्या विकायला बसलोय का?

निसिनचं (जिवाणूंनीच बनवलेलं, दुसऱ्या जिवाणूंना मारणारं प्रथिन) मात्र बरोबर पकडलंत. ते सगळ्याच घातक जिवाणूंवर चालतं असं मी ओघात लिहून गेलो. लिस्टेरियावर चालतं, पण साल्मोनेला, ई. कोलाय यांना बाहेरून जादा आवरण असतं, तिथे एकट्या निसिनची डाळ शिजत नाही. दुरुस्त केलंय. आभार.

आता "धुतलं की झालं". एमएस्सीला असताना मीही हेच म्हणायचो. मग एकदा क्लोरीनच्या पाण्यात बुडवून काढलेल्या खरबुजाची साल अगारवर (जिवाणू वाढवायची जेली) दाबली, प्लेट इन्क्युबेटरमध्ये टाकली आणि दुसऱ्या दिवशी बघतो तर कॉलन्या (जिवाणूंचे ठिपके) अशा उगवलेल्या की सालीवरची जाळी जशीच्या तशी छापून निघालीये! त्या खाचांत पाणी नीट पोचतच नाही. धुण्याने साधारण 90 ते 99 टक्के जिवाणू जातात, म्हणजे लाखातले हजार तरी उरले, आणि सुरी त्यांना सालीवरून थेट गरात नेते. खरबुजाचा गर सफरचंदासारखा आंबटही नाही, त्यात लिस्टेरिया फ्रिजमध्येसुद्धा वाढतो. अमेरिकेत 2011 साली लिस्टेरिया लागलेल्या खरबुजांनी 33 माणसं गेली. ती पण भरीला पडली होती का?

आणि "आगीत तेल" कसलं डोंबलाचं? फळ निर्जंतुक कधीच नसतं, धुताना चांगलेही वाहून जातात आणि मोकळ्या जागेवर जो आधी पोचेल त्याचं राज्य. स्यूडोमोनास ग्रॅमिनिस या चांगल्या जिवाणूचा सीपीए-7 हा वाण कापलेल्या खरबुजावर, सफरचंदावर हेच काम करतो, जागा आणि अन्न आधी बळकावतो. सफरचंदाच्या जखमांवरही 1999 मध्ये दिसलंय की त्याचाच भाऊबंद स्यूडोमोनास सिरिंजी आधी बसवला तर मागून आलेल्या ई. कोलायला वाढता येत नाही. शत्रूचा खून वगैरे होत नाही साहेब, उपासमार होते. म्हणून 'आधी' हा शब्द मी लेखात चारदा लिहिलाय, पण वाचायचं कुणी!

चव, खर्च, "निसर्गाशी खेळ" वगैरे बाकीच्या मुद्द्यांवर काय बोलणार, सोडून देतो.

आणि फळं धुवू नका असं मी कुठे म्हटलंय? पाचव्या परिच्छेदाचं पहिलंच वाक्य 'आधी धुवा' असं आहे. तिथपर्यंत पोचला होतात का, एवढंच सांगा.