तिला कुठलीच होऊ देऊ नका

दिवाळी अंकासाठी कथा कबूल करून बसलाय आणि विषय सुचत नाहीये? शेतकरी झाला, आयटीतला घटस्फोट झाला, मुलगा अमेरिकेत आणि आईबाप कोथरूडमध्ये हे तर गेल्याच वर्षी झालं. टेन्शन घेऊ नका, सरळ एक अँग्लो-इंडियन बाई घ्या. पणजोबा तिकडचे, पणजी इकडची, आणि बाईचा जीव मधल्यामधे टांगलेला. या कॅरेक्टरची मोठी सोय अशी की तिला काही करावंच लागत नाही, ती नुसती खिडकीशी बसून "मी नक्की कोण?" असं पावसाला विचारत राहिली तरी आठ पानं भरतात, वर परीक्षक म्हणतात लेखन अंतर्मुख आहे.

नाव लोरेन किंवा डोरीन ठेवा. आडनाव डिसोझा, फर्नांडिस, जे आठवेल ते. गोव्याचे कॅथलिक वेगळे, मुंबईचे मूळचे ख्रिस्ती, म्हणजे ईस्ट इंडियन, वेगळे आणि अँग्लो-इंडियन आणखी वेगळे हे वाचकाला कुठं माहीत असतं, आणि खरं सांगा, तुम्हाला तरी कुठं होतं. गळ्यात क्रॉस, अंगात फुलाफुलांचा फ्रॉक आणि तोंडात "हम जाता है" एवढं दिलं की काम झालं. डोळे घारेच हवेत. (तुमच्या चित्पावन आत्याचेही घारेच आहेत, आणि ती स्वतःची ओळख शोधत खिडकीत बसल्याचं कुणाच्या ऐकिवात नाही, पण तो विषय इथे नको.)

आता सगळ्यात महत्त्वाचं. तिला पत्ता देऊ नका. "एका जुन्या, ओल धरलेल्या बंगल्यात ती राहायची" इथवर ठीक आहे, गावाचं नाव आलं की मेलात. समजा चुकून इगतपुरी लिहिलंत, की लगेच रेल्वे कॉलनी आली, मग कसाऱ्याला गाडीच्या मागे जादा इंजिन लावून ती घाटात ढकलत वर आणतात ते आलं, ते इंजिन चालवणारा तिचा बाप आला, आणि बाप आला की रात्री दोन वाजता दार बडवून रजिस्टरवर सही घेऊन जाणारा कॉलबॉयही आला, आणि बाप डबा उचलून ड्युटीवर गेल्यावर आई जी जागी राहिली ती राहिलीच. एवढं सगळं आल्यावर वाचक विचारणारच नाही की ही बाई कुठली. इगतपुरीची! मग तुमच्या कथेत उरलं काय?

स्वयंपाकघराच्या बाबतीतही तेच. केक आणि वाइन यापुढे जाऊ नका. रविवारी नारळाच्या दुधातला पिवळा भात आणि त्याच्याबरोबर खिम्याच्या गोळ्यांची करी, तिला ते लोक साधं बॉल करी म्हणतात, आणि सर्दी झाली की पेपर वॉटर, म्हणजे आपलं साराचंच भावंड. नाताळच्या आधी अख्खं घर टेबलाभोवती बसतं, लोण्याचं बोट लावलेल्या काट्याच्या पाठीवर पिठाची गोळी दाबायची आणि अंगठ्याने गुंडाळत सोडायची, रेघारेघांची गोड कुलकुल तळायला तयार, पोरं कच्चंच पीठ खातात आणि कुणाची तरी मावशी काट्यानेच बोटांवर मारते. या टेबलापाशी बसलेल्या बाईच्या तोंडी "मी कुणाचीच नाही" हे वाक्य घालून बघा. मावशी तुमच्याच बोटांवर काटा मारेल.

आणि संविधान तर अजिबात उघडू नका. तिथं कलम ३६६ (२) मध्ये या लोकांची व्याख्याच करून ठेवलीय, आधी इंग्रजांनी १९३५ च्या कायद्यात केली होती, मग आपण ती थोडी बदलून घेतली. बाप किंवा बापाच्या बाजूचा कुठलाही पुरुष पूर्वज युरोपियन पाहिजे, जन्म भारतातला पाहिजे, आईबाप इथेच राहणारे पाहिजेत. आईच्या बाजूचं धरत नाहीत. म्हणजे बघा, एका अँग्लो-इंडियन घरातल्या भावाने सोलापूरच्या मुलीशी लग्न केलं तर त्याची पोरं अँग्लो-इंडियन, आणि त्याच्याच सख्ख्या बहिणीने सोलापूरच्या मुलाशी केलं तर तिची पोरं नाहीत, रक्त तेच, आजी तीच, नाताळचं टेबल तेच. यात एक अख्खी कादंबरी आहे हो, विनोद आहे, नणंद-भावजय आहे, आजीच्या बांगड्या कुणाला हे आहे. पण मग ओळखीचा शोध घेत कुणी एकटं भटकायला मोकळं राहत नाही ना. शिवाय जे बिचारे कुणाचेच नाहीत असं तुम्ही लिहिणार, त्यांच्यासाठी लोकसभेत दोन नेमलेल्या जागांची सोय होती, सत्तर वर्षं, २०२० च्या जानेवारीत ती गेली. तुमच्या लोरेनच्या बापाने त्यावर रेल्वे इन्स्टिट्यूटमध्ये, म्हणजे कॉलनीच्या क्लबात, हाउजी (आपला तंबोला) खेळता खेळता चार शिव्या घातल्या असत्या. पण बापाला तुम्ही आधीच दारुडा करून पहिल्याच पानावर मारलेला असणार.

हॉकीही टाळा. लेस्ली क्लॉडियस हा बिलासपूरचा अँग्लो-इंडियन, १९४८ ते १९६० अशा चार ऑलिंपिकमध्ये खेळून तीन सुवर्ण आणि एक रौप्य घेऊन आला. अशा माणसाला "तू धड इकडचा ना तिकडचा" म्हणणं जरा जड जातं.

ऐतिहासिक लिहायची हौस असेल तर जेम्स स्किनर दिसेल, त्याच्याकडे पाठ फिरवा. बाप स्कॉटिश, आई राजपूत. १७९१ मध्ये ईस्ट इंडिया कंपनीने ठरवलं की ज्याचे आईबाप दोघे युरोपियन नाहीत त्याला अधिकारपद नाही, मग हा आला कुठे, तर शिंद्यांच्या कंपूत, त्यांच्या कवायती फौजेत! म्हणजे आपल्याकडे. १८०३ ला इंग्रज-मराठा युद्ध लागलं तेव्हा शिंद्यांच्या फ्रेंच सेनापतीने, पेरॉनने, असल्या ब्रिटिश रक्ताच्या सगळ्यांना काढून टाकलं, आणि हा कंपनीकडे गेला तोसुद्धा शिंद्यांशी लढणार नाही असं सांगून. पुढे घोडदळ उभारलं, फारसीत लिहिलं, दिल्लीत चर्च बांधलं. याला कुठं वेळ होता अस्मिता शोधायला, ज्याचं मीठ खाल्लं त्याच्यावर तलवार कशी उचलू हा त्याचा पेच होता. आता हा पेच मराठी वाचकाला न समजावताही कळतो, आणि समजावायचं नसेल तर तुम्ही लेखक कशाला झालात.

राहता राहिला ट्विस्ट. रक्ताचं रहस्य शेवटच्या पानावर उघड करायचं, ट्रंकेत जुना फोटो सापडतो वगैरे. मर्ल ओबेरॉन या नटीची गोष्ट मात्र वापरू नका, ती खरी आहे म्हणून कुणाला पटणार नाही. जन्म १९११, मुंबई, रक्त थोडं इकडचं, थोडं तिकडचं. हॉलिवुडमध्ये नाव झालं आणि जन्मगाव सांगितलं गेलं टास्मानिया, ऑस्ट्रेलियाच्या खालचं बेट, कारण तिथवर चौकशीला कोण जातंय. १९३५ च्या सिनेमासाठी ऑस्करचं नामांकन मिळालं, तेही टास्मानियाची गोरी बाई म्हणूनच. आपल्याकडे तोतये निघाले ते गादीसाठी, ही बाई एका बेटासाठी झाली. बरं, म्हातारपणी, १९७८ मध्ये, टास्मानियातल्या होबार्टच्या महापौरांनी गावची लेक म्हणून तिचा स्वागत समारंभच ठेवला! त्या हॉलमधली ती पाच मिनिटं लिहायला हात शिवशिवतात, पण आवरा. कारण या बाईला "मी कोण" हा प्रश्नच पडलेला नव्हता, ते तिला पक्कं माहीत होतं, तिला एवढंच लक्षात ठेवायचं होतं की आपण मागच्या वेळी कुणाला काय सांगितलंय. असलं कॅरेक्टर हुशार निघतं, लेखकापेक्षाही. नकोच ते.

त्यापेक्षा तिला सरळ इंग्लंडला पाठवा. तिथं थंडी, कुणी ओळखत नाही, ती परत येते आणि चिंचेखाली बसून रडते. प्रत्यक्षात पुष्कळ लोक पर्थला आणि मेलबर्नला गेले, नोकऱ्या धरल्या, घरांचे हप्ते फेडले आणि दर नाताळला तिथेही कुलकुल वळले, पण हप्ते फेडणाऱ्या नायिकेला आपल्याकडे बक्षीस मिळाल्याचं मी तरी पाहिलेलं नाही.

बक्षीस मिळेलच, पुस्तक येईल, प्रकाशन समारंभ होईल. आणि समजा त्या दिवशी कुणी खरीखुरी लोरेनबाई आलीच, भुसावळची, पंच्याहत्तरीची, आणि खानदेशी हेल काढत शेजारच्यांना सांगायला लागली की आमच्याकडे असा बंगला नव्हता बरं का, दोन खोल्यांचं क्वार्टर होतं आणि मागे कोंबड्या, तर घाबरू नका. त्यांना पहिल्या रांगेत बसवा. शाल द्या, नारळ द्या, पुस्तकावर सही करून द्या. माईक तेवढा देऊ नका.