म्हातारीनं देऊन टाकलेलं पार्किंग

बायकोचं म्हणणं असं की माझं प्रत्येक वाक्य 'मी तर म्हणतो' नं सुरू होतं, म्हणून तिनं मला न विचारताच नागपूरच्या धरमपेठेतल्या दोन दिवसांच्या शिबिरात माझं नाव टाकलं, सकाळी ध्यान, दुपारी नाटकाचे खेळ, आणि दोन्हीनं म्हणे 'मी' सैल होतो. मे महिना, ४५ डिग्री, अन् जाऊन पाहतो तर शेजारच्या आसनावर आमच्याच बिल्डिंगमधले वरचे काका! कडुनिंबाखालच्या पार्किंगवरून आमचं तीन वर्षांपासून वाजलेलं.

ध्यानात नुसता श्वास पाहायचा, आनापान. मी गुडघा पाहून राहिलो होतो. काका घोरत होते, म्हणजे त्यांचा 'मी' गेला होता बहुतेक. मग सरांनी मिलिंद राजा अन् बौद्ध भिक्खू नागसेनाची गोष्ट काढली (दीक्षाभूमीच्या गावात ती निम्म्या हॉलला पाठ). नागसेन राजाला विचारतो, चाक म्हणजे रथ का? नाही. आस? नाही. जू? तेही नाही. मग रथ कुठाय? तसाच 'मी'. पटलं बुवा.

दुपारी आरशाचा खेळ, व्हायोला स्पोलिन नावाच्या अमेरिकन बाईंचा. समोरच्यानं जे केलं ते तस्संच करायचं, होता होता पुढाकार कोणाचाच राहत नाही. जोडी अर्थात काकांशी. दोघंही ढिम्म, कारण आधी हलेल तो हरला. शेवटी त्यांना शिंक आली अन् मलाही द्यावी लागली.

दुसऱ्या दिवशी मुखवटे. कीथ जॉन्स्टन नावाच्या नाटकवाल्या गुरुजींची पद्धत अशी की मुखवटा चढवून आरशात पाहायचं अन् जो दिसेल त्याला मोकळं सोडायचं. मला दिसली बोळक्या तोंडाची म्हातारी, संत्र्याची टोपली घेऊन. खरं सांगतो, पाच मिनिटं मी नव्हतोच तिथं, तीच बोलत होती, सगळ्यांना फुकट संत्री वाटत होती, अन् तेवढ्यात काका पुढे आले, "आजी, मले कडुनिंबाखालची जागा पाहिजे."

"ने ना बाप्पा, मले काय कराची?"

हॉलभर टाळ्या.

सोमवारी माझ्या जागेत काकांची गाडी, माझी रणरणत्या उन्हात.

"काका, हे काय?"

"आजीनं देली ना."

"ती आजी म्हणजे मी नव्हतो!"

"मंग तुम्ही काहून बोलून राहिले? आजीले पाठवा."

"अहो पण माझी गाडी उन्हात..."

काका वाकले, माझ्या टायरवर हात ठेवला, चटका बसला तसा काढला. "हे चाक म्हणजे गाडी हाय का?"

वरून गॅलरीतून बायको ओरडली, "नाही!"