एक आकडा पायजे होता, फक्त एक!

काल ग्रुपवर माझ्या फ्लोचा (नो-कोड टूलमध्ये जोडलेलं आपोआप चालणारं काम) पहिला मेसेज गेला: 'पुढच्या तीन तासांतला पाऊस: ऑब्जेक्ट ऑब्जेक्ट'. खाली लगेच काकांचं, राधानगरी धरणाचं दार उघडलं काय रे?

कोल्हापुरात पंचगंगा ३९ फुटांवर गेली की इशारा, ४३ ला धोका, जुलैत सगळं गाव राजाराम बंधाऱ्याचा आकडा बघत बसलेलं असतंय, म्हटलं आपण पावसाचा अंदाज तरी टाकू. कोड लागत नाही म्हणं, डबे ओढा आणि वायरी जोडा. जोडल्या की!

तर हवामानाच्या सर्व्हिसकडनं आलेल्या डेटात आधी लिस्ट, लिस्टमध्ये शून्य नंबरचा आयटम (पहिला नाही, शून्य!), त्यात रेन हा ऑब्जेक्ट (आत आणखी माहिती असलेला गठ्ठा), आणि रेनच्या पोटात 'थ्री एच' (3h) नावाची की, म्हणजे आकड्याचं लेबल. की आकड्यानं सुरू होते म्हणून नुसता डॉट टाकून आत जाता येत नाही, चौकोनी कंस आणि अवतरण लावा. लावलं. आकडा आला. आणि जरा उघडीप दिसायला लागल्यावर अख्खा फ्लो लाल! का, तर पाऊस नसला की रेन हा ऑब्जेक्टच गायब. अरे शून्य पाठवा की लेकांनो, शून्याला काय जीएसटी लागतो? एरर काय, तर 'अनडिफाइंड', म्हणजे असं काही नाहीच. मंगळवार पेठेत पत्ता चुकलात तर एखादं पोरगं गाडीवर बसवून दारात सोडतंय, हितं कितव्या वळणावर चुकलो तेबी सांगत नाहीत.

आणि प्रत्येक नोड, म्हणजे फ्लोतला एकेक डबा, स्वतःचं एक 'डेटा' वरनं चढवतोय, मग डेटा डॉट डेटा डॉट डेटा, काय पाळणा म्हणायचाय काय? एका सर्व्हिसनं तर आतलं जेसन (डेटा लिहायची पद्धत) स्ट्रिंग, म्हणजे नुसता मजकूर, करून पाठवलेलं, दिसतंय ऑब्जेक्टसारखं आणि हात घातला की अक्षरं. पाथ, म्हणजे आकड्यापर्यंतची वाट, लिहायची पद्धत पण दर टूलची वेगळी, कुठं डॉलर, कुठं दुहेरी महिरपी कंस. ही वाट लिहायच्या 'जेसनपाथ' पद्धतीची कल्पना २००७ ची, स्टँडर्ड आलं २०२४ ला, तोवर ज्यानं त्यानं आपापली चूल मांडलेली. यूट्यूबवाले मास्तर तर नाव आणि वय अशा दोन कीज काढून दाखवतात आणि 'लई सोप्पंय' म्हणून सबस्क्राइब मागतात. तुझ्या डेटात लिस्ट कुठंय रे भावा?

एवढ्या तापात आई खिडकीतनं हात बाहेर काढून म्हणाली, "भुरभुर हाय, कपडे काढ." तिला एपीआय की, म्हणजे सर्व्हिस वापरायची किल्ली, लागत नाही.

शेवटी मधे एक फंक्शन नोड टाकला आणि आत हातानं कोड लिहिला. नो-कोड म्हणं.