जामीन मिळाला म्हणजे सुटला असं नसतं

गंभीर प्रकरणातल्या आरोपीला जामीन मिळाला की प्रतिक्रिया ठरलेल्या असतात: ‘सुटला’, ‘कोर्टाने सोडला’. संताप खरा असतो. पण तो भलत्याच माणसावर निघतो आणि ज्याला जाब विचारायचा तो निवांत राहतो, याचा मला मनापासून त्रास होतो.

जामीन म्हणजे खटल्याचा निकाल लागेपर्यंत अटींवर बाहेर राहण्याची मुभा. दोषी की निर्दोष, हे त्यात ठरतच नाही. त्यातही डिफॉल्ट बेल, म्हणजे आरोपपत्र मुदतीत न आल्यामुळे मिळणारा जामीन, नीट समजून घ्या. आरोपी कोठडीत असताना 60 दिवसांत आरोपपत्र दाखल व्हायला हवं; फाशी, जन्मठेप किंवा 10 वर्षं वा त्याहून जास्त शिक्षेच्या गुन्ह्यात 90 दिवसांत. (यूएपीए या दहशतवादविरोधी कायद्यासारख्या कायद्यांत ही मुदत वाढवून मिळते.) मुदत उलटली, आरोपपत्र येण्याआधी आरोपीने अर्ज केला आणि तो जामीन द्यायला तयार असला, की पुरावा कितीही भक्कम असो, न्यायाधीशांना त्याला सोडावंच लागतं. मला हा नियम योग्यच वाटतो. तो नसता तर आरोपपत्राविना माणसं वर्षानुवर्षं आत सडली असती. म्हणून अशा वेळी विचारायचं ते तपास अधिकाऱ्याला: इतके दिवस काय केलंत?

‘पोलीस कोठडी संपून न्यायालयीन कोठडी मिळाली’ हाही दिलासा नसतो. कोर्टाच्या आवारात त्याला पीसीआर संपून एमसीआर झाला म्हणतात. माणूस लॉकअपमधून तुरुंगात जातो, इतकंच.

सगळ्यात जास्त फसगत होते ती एनसीमध्ये. पोलीस ठाण्यातून शिक्का मारलेला कागद मिळाला की लोकांना वाटतं गुन्हा दाखल झाला. पण एनसी ही अदखलपात्र गुन्ह्याची नोंद. मॅजिस्ट्रेटच्या आदेशाशिवाय पोलीस त्याचा तपास करू शकत नाहीत, वॉरंटशिवाय अटकही नाही. मारहाणीत हाड मोडलेलं असताना नुसती एनसी घेऊन घरी पाठवलं, तर तिथेच हटून बसा. दखलपात्र, म्हणजे पोलीस मॅजिस्ट्रेटच्या आदेशाशिवाय तपास करू शकतात अशा, गुन्ह्याची माहिती मिळाली की एफआयआर नोंदवणं बंधनकारक आहे, हे सर्वोच्च न्यायालयाने 2013 साली ललिता कुमारी प्रकरणात स्पष्ट केलंय. एफआयआरची प्रत फिर्यादीला मोफत मिळते. नोंदवायला नकार दिला तर तक्रार लेखी, टपालाने पोलीस अधीक्षकांना पाठवा. तिथेही दाद लागली नाही तर मॅजिस्ट्रेटकडे अर्ज करा. टपालाची पावती जपून ठेवा, तिथे ती दाखवावी लागते.