दाढीला ओटीपी कशाला लागतो?

डोकं फिरलंय आज. नेहमीचं दुकान बंद, म्हणून एका चकचकीत सलूनमध्ये शिरलो. खुर्ची रिकामी, पोरगा रिकामा, तरी पहिला प्रश्न, "सर, अपॉइंटमेंट?" मग मोबाइल नंबर, मग ओटीपी, मग जन्मतारीख. दाढीला जन्मतारीख! बसलो, तर अर्धा वेळ केस किती गळतात यावर प्रवचन आणि कुठलंसं सीरम गळ्यात मारायचा खटाटोप. दाढी उरकली कशीबशी.

आमच्या दुकानातले काका मानेभोवती कापड बांधतात आणि विचारतात, "कटिंग की दाढी?" संपली चौकशी.

वडिलांना अर्धांगवायू झाला तेव्हा हेच काका दुकान बंद करून रात्री पेटी घेऊन घरी आले होते. आम्ही बोलावलंही नव्हतं. दाढी करताना आपण नकळत गाल फुगवतो, ओठ आत घेतो. वडिलांना ते जमेना, एक बाजू लुळी पडलेली. काकांनी अंगठ्यानं कातडी कानाकडे ताणून धरली आणि वस्तरा असा फिरवला की आवाजसुद्धा नाही.

गरम टॉवेल, ब्रशचा फेस हे लाड आहेत असं ज्यांना वाटतं त्यांनी कोरड्या गालावर एकदा ब्लेड ओढून बघावं. केस पाणी पितो, मऊ पडतो, मग पातं ओरबाडत नाही. शेवटी तुरटी. कातडी आकसते, बारीक चिरेतलं रक्त थांबतं. इथे त्याच कामाला 'आफ्टरकेअर' म्हणून वेगळं बिल!

हो, स्वच्छतेचं मान्य. हेपटायटिस बी चा विषाणू शरीराबाहेर निदान सात दिवस तग धरतो, तेव्हा प्रत्येक गिऱ्हाइकाला नवं पातं हवंच. पातं डोळ्यांसमोर बदलायला सांगा, लाजू नका. आणि मान कडकडा मोडून घेणं बंद करा, मानेतली रक्तवाहिनी फाटू शकते. काकांनाही सांगितलंय. रुसले होते दोन दिवस.

पण म्हणून त्या माणसाला 'अनस्किल्ड' म्हणणार? एकेकाळी युरोपात जखमा बांधणं, दात उपटणं न्हाव्यांकडेच होतं. लंडनमध्ये १५४० साली न्हावी आणि शस्त्रवैद्यांची एकच संघटना झाली, १७४५ ला शस्त्रवैद्य वेगळे झाले. मान तेवढा घेऊन गेले, दुसरं काय! त्या रात्री वडिलांचा चेहरा हातात घेणाऱ्या काकांना कुठली पदवी होती?

जाऊ दे. त्या सलूनमधल्या पोरावर तरी कशाला चिडायचं? सीरम विकलं नाही तर त्यालाच बोलणी बसत असतील. हात चांगला होता त्याचा, खरं सांगतो. कल्ले अगदी सारखे केले.

वडिलांची दाढी चालू असताना काका सतत बोलत होते. दुकानातल्या गप्पा, कोण आलं, कोण गेलं. वडिलांच्या तोंडून शब्द फुटत नव्हता. तरी काका प्रश्न विचारायचे आणि क्षणभर थांबायचे, उत्तराला जागा ठेवून. लाळ ओघळली ती स्वतःच्या खांद्यावरच्या टॉवेलनं टिपली. पैसे द्यायला गेलो तर पेटी उचलून चालू पडले.

आणि कोणत्या ॲपवर पहिली कटिंग फुकट आहे, ते कृपया कमेंटमध्ये टाकू नका. मागच्या वेळी एकानं टाकलंच होतं.