नाणे टांकसाळीत चुकले की बाजारात बिघडले?

रामबागेत आमच्या शेजारी राहणाऱ्या काकूंनी परवा रुमालाची एक पुरचुंडी माझ्यापुढे सोडली. आत सतरा नाणी होती. मोबाइलवर आलेला एक संदेश वाचून त्यांनी घरातला गल्ला आणि देवघरातली वाटी उपडी करून ती वेचली होती. हा संदेश इंदूरच्या मराठी घरांतून बराच फिरला आहे. त्याचे म्हणणे थोडक्यात असे: नाण्यावर टांकसाळीची खूण नसेल, आकार लहान असेल, अक्षरे उलटी किंवा दुहेरी दिसत असतील, कडेचा तुकडा नसेल, दहाच्या नाण्याचा मधला भाग तिरका असेल, रंग वेगळा असेल किंवा एकाच किमतीच्या नाण्यांपैकी एक चुंबकाला चिकटून दुसरे चिकटत नसेल, तर ती टांकसाळीची चूक होय आणि असे नाणे पाच लाखांपर्यंत विकले जाते. मी बरीच वर्षे नाणी जमवतो आणि टांकसाळीतून खरोखर चुकून बाहेर पडलेले नाणे हाती आले की मला मनापासून आनंद होतो. त्यामुळेच या संदेशातील एकेका विधानाला उत्तर देणे मला आवश्यक वाटते.

त्याआधी नाणे कसे घडते ते पाहू. धातूच्या पत्र्यातून गोल चकत्या कापल्या जातात, त्या तापवून मऊ केल्या जातात, त्यांची कड दाबून किंचित उचलली जाते आणि मग प्रत्येक चकती एका कड्यात बसवून खालच्या-वरच्या दोन ठशांमध्ये एकाच दाबात छापली जाते. म्हणजे चूक होण्याच्या जागा तीनच आहेत: चकती, ठसा आणि छपाईचा क्षण. समोरच्या नाण्यावरील विकृती या तिन्हींपैकी कशाने घडली हे सांगता आले पाहिजे. ते सांगता येत नसेल, तर ती विकृती बहुधा नाणे टांकसाळीबाहेर पडल्यानंतरची आहे.

संदेशातील पहिली दोन विधाने तर अज्ञानातून आलेली आहेत. मुंबईच्या नाण्यांवर वर्षाखाली पत्त्यांतल्या चौकटसारखी खूण असते, हैदराबादच्या अलीकडच्या नाण्यांवर तारा असतो, नोएडाच्या नाण्यांवर टिंब असते आणि कोलकाता टांकसाळ मुळात कोणतीच खूण ठेवत नाही. बिनखुणेची नाणी देशभर रोज गल्ल्यांत पडत असतात. आकाराचेही तसेच आहे. २०११ च्या मालिकेत दोन रुपयांचे नाणे लहान होऊन २५ मिलिमीटर व्यासाचे आणि ४.८५ ग्रॅम वजनाचे झाले, आणि पोलादी रुपयाचे जुने माप नेमके तेच होते. साहजिकच 'रुपयाच्या चकतीवर दोन रुपये छापले' अशी समजूत पसरली. प्रत्यक्षात ते त्या मालिकेतल्या दोन रुपयांचे ठरवून दिलेले माप होते.

उलट्या अक्षरांचा मुद्दा मात्र सविस्तर पाहण्यासारखा आहे, कारण सर्वाधिक फसवणूक इथेच होते. छापलेले नाणे कधीकधी बाहेर न पडता एका ठशाला चिकटून राहते. पुढची चकती आत आली की तिच्या एका बाजूवर दुसरा ठसा नेहमीप्रमाणे उमटतो आणि दुसऱ्या बाजूवर चिकटलेल्या नाण्याचे चित्र आरशातल्यासारखे उलटे व खोल उमटते. अशा नाण्याच्या दोन्ही बाजूंना एकच चित्र असते, एकीकडे उंच आणि दुसरीकडे खोल. चिकटलेल्या नाण्याने झाकलेल्या ठशाचे चित्र त्यावर नसते, कारण तो ठसा त्या चकतीपर्यंत पोचलेलाच नसतो. काकूंच्या एका रुपयावर उलटी, खोल अक्षरे होती खरी, पण भिंगाखाली त्याच जागी मूळचा मोठा '१' हा अंकही दिसत होता, फक्त त्याचा माथा चपटा होऊन चमकत होता. मूळ छाप अंगावर असलेले नाणे दुसऱ्या नाण्याला लावून व्हाइसच्या जबड्यात आवळले किंवा हातोडीने ठोकले की नेमके हेच दिसते. टांकसाळीत उंच अंक आधी छापला जाऊन नंतर त्यावर दुसऱ्या नाण्याची खूण अशा रीतीने बसण्याचे कारण नाही.

दुहेरी अक्षरांविषयी संदेश अर्धा बरोबर आहे, हे मान्य केले पाहिजे. ठसा तयार होतानाच त्यावर आकृती किंचित सरकून दोनदा उमटली, तर त्या ठशाने छापलेल्या प्रत्येक नाण्यावर तेच दुहेरीपण येते. दोन्ही रेषा गोलसर व भरीव असतात आणि अक्षरांच्या टोकांना स्पष्ट खाच दिसते. याला संग्राहक मान देतात. परंतु बहुतेक वेळा दिसते ते वेगळेच असते: छपाईच्या क्षणी सैल ठसा हलल्यामुळे अक्षराच्या बाजूला पायरीसारखी एक चपटी पट्टी पडते आणि अक्षर मूळच्यापेक्षा बारीक होते. हेही टांकसाळीतच घडते, पण इतके सर्रास घडते की त्याला मोल जवळजवळ नाही.

कडेचा तुकडा नसलेले नाणे वजनकाट्यावर ठेवून काही कळत नाही, कारण चूक असो वा कानस, वजन दोन्हीकडे घटतेच. इथे तुटलेल्या जागेच्या विरुद्ध बाजूची कड पाहावी. पत्र्यातल्या आधीच्या भोकावर कापणीचा पंच अर्धवट पडला, तर चकतीला चंद्रकोरीसारखा चावा पडतो. अशा चकतीची कड उचलताना चाव्याच्या जागी दाब मिळत नाही, म्हणून तिच्या बरोबर समोरची किनारही फिकी व बसकी राहते. शिवाय चाव्यालगतची अक्षरे त्या दिशेने ओघळल्यासारखी पसरतात. कापलेल्या नाण्याची समोरची किनार मात्र ठणठणीत असते, अक्षरे सुरीने कापल्यासारखी तुटतात आणि कापावर कानशीच्या समांतर रेघा दिसतात.

आता दहा रुपयांच्या नाण्याकडे येऊ. बाहेरचे कडे ॲल्युमिनियम ब्राँझचे आणि मधली चकती वेगळ्या, पांढऱ्या धातूची असते. दोन्ही तुकडे एकत्र ठेवून एकाच जोडीच्या ठशांनी छापले जातात आणि त्याच दाबाने ते एकमेकांत घट्ट बसतात. काकूंच्या नाण्यावर मधला सिंहस्तंभ कड्यावरच्या 'भारत' या शब्दाच्या मानाने चांगलाच कलला होता. एकच ठसा दोन्ही तुकड्यांवर एकदम पडत असल्यामुळे त्यांच्या चित्रांचा परस्पर कोन टांकसाळीत बदलूच शकत नाही. म्हणून ते नाणे कुणीतरी ठोकून मधला भाग काढून पुन्हा बसवलेले होते, आणि सांध्यावरचे ओरखडेही तेच सांगत होते. मधली चकती खरोखर सरकून छापली गेली, तर चित्र कड्यावरून चकतीवर न तुटता सलग जाते; तुकडा सरकतो, चित्र सरकत नाही.

रंगाचे आणि चुंबकाचे दावे थोडक्यात निकालात काढता येतात. जमिनीत पुरलेले, चुलीत पडलेले किंवा सोन्याचा मुलामा दिलेले नाणे वेगळे दिसते, पण त्याचे वजन जवळपास मूळचेच राहते. चुकीच्या धातूच्या चकतीवर छापले असेल, तर वजन सहसा बोलते. पोलादी पाच रुपये चुंबकाला चिकटतात आणि निकेल-पितळेचे चिकटत नाहीत, यात चूक कुठलीच नाही.

इंदूरकरांसाठी एक गोष्ट वेगळी सांगितली पाहिजे, कारण इथल्या घरांत होळकरी रुपये अजून जपलेले आहेत. मल्हारनगर, म्हणजे इंदूरच्याच टांकसाळीच्या सूर्यछाप रुपयावर छाप एका बाजूला सरकलेली आणि मजकूर अर्धाच उमटलेला पाहून त्यालाही 'मिस प्रिंट' म्हणून विकायला काढतात. ती नाणी हातोड्याने घडवलेली आहेत आणि ठसा चकतीपेक्षा मोठा असे, त्यामुळे पूर्ण मजकूर एका नाण्यावर मावतच नसे. तिथे अर्धी छाप हीच रीत होती. काही होळकरी रुपयांवर असलेले बेलाचे पान किंवा शिवलिंग स्पष्ट उमटले असेल, तर त्या रुपयाचे मोल त्यामुळे वाढते, छाप सरकल्यामुळे नव्हे.

उरला पाच लाखांचा आकडा. संदेशाच्या शेवटी एक क्रमांक असतो आणि त्यावर फोन केला की नोंदणी शुल्क किंवा कर आधी भरायला सांगतात. आमच्या ओळखीतल्या एका गृहस्थांनी असे पैसे भरले आणि पुढे तो क्रमांक लागलाच नाही. रिझर्व्ह बँकेने ४ ऑगस्ट २०२१ रोजी स्पष्ट केले आहे की जुन्या नोटा-नाण्यांच्या व्यवहारात ती नसते, त्यासाठी शुल्क किंवा कमिशन मागत नाही आणि तसा अधिकार तिने कोणालाही दिलेला नाही.

काकूंच्या सतरा नाण्यांत एकच खरे निघाले. १९९८ च्या पोलादी रुपयावर किनारीपासून वर्षाच्या अंकापर्यंत केसाएवढी एक रेघ होती आणि ती नखाला उंच लागत होती. ओरखडा असता तर तो खोल असता. ठसा तडकला की धातू त्या भेगेत चढतो आणि नाण्यावर उंच रेघ उमटते. अशा नाण्याला फार पैसे येत नाहीत, हे मी काकूंना सांगितले. ते पुसू किंवा घासू नका असे बजावून मी ते कागदी पाकिटात घातले, पाकिटावर वर्ष, टांकसाळ आणि वजन लिहिले आणि त्यांच्या हाती दिले.