‘सगळ्यांकडे अणुबॉम्ब असले की युद्धं थांबतील’ हे धादांत खोटं आहे

सध्या एक मेसेज जोरात फिरतोय. त्याचं म्हणणं थोडक्यात असं: महासत्तांचे करार म्हणजे कागदी घोडे, त्यांच्यामुळे एकही अणुबॉम्ब कमी झाला नाही. शांतता टिकली ती बॉम्बच्या धाकाने. युक्रेनने बॉम्ब सोडले आणि मार खाल्ला. संयुक्त राष्ट्रं काहीच कामाची नाहीत. म्हणून प्रत्येक देशाने बॉम्ब बनवावा, युद्धं आपोआप बंद होतील. माझ्या भाचीने हे सगळं वक्तृत्व स्पर्धेच्या भाषणात जसंच्या तसं उतरवलं, तेव्हा मात्र डोक्यात तिडीक गेली.

‘एकही बॉम्ब कमी झाला नाही’ याचा निकाल दोन आकड्यांत लागतो. 1986 च्या सुमारास जगात सुमारे 70 हजार अण्वस्त्रं होती, आज 12 हजारांच्या आसपास आहेत. उरलेली जग बेचिराख करायला पुरेशी आहेत, हे मान्य. पण कमी होण्यात करारांचा मोठा वाटा आहे. मध्यम आणि कमी पल्ल्याच्या क्षेपणास्त्रांवरच्या 1987 च्या करारानंतर अमेरिका आणि सोव्हिएत संघाने मिळून 2,692 क्षेपणास्त्रं नष्ट केली. अमेरिकन निरीक्षक रशियात वोत्किन्स्कच्या क्षेपणास्त्र कारखान्याच्या फाटकावर राहून बाहेर पडणारे रेल्वेचे डबे तपासायचे आणि सोव्हिएत निरीक्षक अमेरिकेत युटामध्ये तेच करायचे. पुढे 1993 च्या करारानुसार रशियाने सुमारे 20 हजार बॉम्बना पुरेल एवढं, म्हणजे 500 टन युरेनियम सौम्य करून अमेरिकेला इंधन म्हणून विकलं. 2013 पर्यंत चाललेल्या या व्यवहारातून अमेरिकेची जवळपास 10 टक्के वीज तयार होत होती. याला कागदी घोडे म्हणायचं?

आता खरा घातक मुद्दा, सगळ्यांना बॉम्ब देण्याचा.

26 सप्टेंबर 1983, मध्यरात्र उलटलेली. मॉस्कोजवळच्या बंकरमध्ये स्तानिस्लाव पेत्रोव्ह हे अधिकारी ड्यूटीवर होते. उपग्रहाने इशारा दिला: अमेरिकेतून क्षेपणास्त्र सुटलं. मग दुसरं, तिसरं, एकूण पाच. जेमतेम तीन आठवड्यांपूर्वी सोव्हिएत विमानाने कोरियाचं प्रवासी विमान पाडलेलं, दोन्हीकडे वातावरण पेटलेलं. पेत्रोव्ह यांनी विचार केला, युद्ध सुरू करणारा देश पाचच क्षेपणास्त्रं कशाला सोडेल? जमिनीवरच्या रडारवरही काही दिसत नव्हतं. त्यांनी ‘खोटा इशारा’ असं वर कळवलं. ढगांवरून परावर्तित झालेला सूर्यप्रकाश उपग्रहाने क्षेपणास्त्रं समजून टिपला होता.

या दोन देशांमध्ये क्षेपणास्त्राला पोहोचायला साधारण अर्धा तास लागतो, म्हणून पेत्रोव्ह यांना विचार करायला काही मिनिटं तरी मिळाली. शेजारी देशांमध्ये सगळा खेळच काही मिनिटांचा असतो. आता असे इशारे, अशा यंत्रणा आणि असे थकलेले अधिकारी डझनभर देशांत आहेत अशी कल्पना करा. प्रत्येक ठिकाणी, प्रत्येक रात्री पेत्रोव्हच ड्यूटीवर असेल, याची हमी हा मेसेज लिहिणारा देणार आहे का?

बॉम्ब असला की कोणी वाटेला जात नाही, हेही खरं नाही. 1982 मध्ये अर्जेंटिनाने फॉकलंड बेटं घेतली तेव्हा ब्रिटनकडे अण्वस्त्रं होती. भारत आणि पाकिस्तानने 1998 मध्ये चाचण्या केल्या आणि दुसऱ्याच वर्षी कारगिल झालं. 1962 मध्ये क्यूबातल्या सोव्हिएत क्षेपणास्त्रांवरून झालेल्या पेचप्रसंगात वॉशिंग्टन आणि मॉस्कोचे निरोप पोहोचायला तासन्‌तास लागत होते. त्या भीतीतूनच 1963 मध्ये दोन राजधान्यांत थेट संदेशवाहिनी जोडली गेली. नुसत्या धाकावर भागलं असतं तर तिची गरजच पडली नसती.

युक्रेनबाबत मात्र थोडं मान्य करावंच लागतं. सोव्हिएत संघ फुटल्यावर आपल्याकडे उरलेली अण्वस्त्रं युक्रेनने सोडली, त्या बदल्यात 1994 च्या बुडापेस्ट निवेदनात रशियाने युक्रेनच्या सीमांचा आदर करण्याचं लिहून दिलं होतं. 2014 आणि 2022 मध्ये तो शब्द रशियाने मोडला आणि त्याची किंमत युक्रेनची माणसं मोजताहेत. अमेरिका आणि ब्रिटननेही दिली होती ती आश्वासनं, सैन्य पाठवण्याची हमी नव्हे. पण मेसेजमध्ये एक गोष्ट गाळली आहे: ती अण्वस्त्रं युक्रेनच्या भूमीवर असली तरी ती डागण्याचे संकेत मॉस्कोच्या हातात होते.

संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेत नकाराधिकारामुळे मोठ्या देशांविरुद्ध काही होत नाही, हे खरंच आहे. पण अमेरिका आणि सोव्हिएत संघ शीतयुद्धात एकमेकांवर क्षेपणास्त्रं रोखून बसलेले असताना, त्याच संयुक्त राष्ट्रांच्या जागतिक आरोग्य संघटनेत दोघांनी इतर देशांसोबत मिळून देवी रोग जगातून हद्दपार केला. 1980 मध्ये तशी घोषणा झाली.

या करारांची अवस्था मात्र आज वाईट आहे. 1987 चा करार 2019 मध्ये संपला. अमेरिका आणि रशियाची तैनात अण्वस्त्रं प्रत्येकी 1,550 वर रोखणाऱ्या करारातल्या तपासण्या मार्च 2020 मध्ये कोविडमुळे थांबल्या, त्या पुन्हा सुरूच झाल्या नाहीत. 2023 मध्ये रशियाने त्यातला सहभाग स्थगित केला आणि कराराची मुदतही फेब्रुवारी 2026 पर्यंतचीच होती. चिडायचंच असेल तर यावर चिडा.